कुलूप दिसतंय, मालक दिसत नाही

या वेळी आलेल्या पत्रांत बंद पडलेल्या घरांचा विषय इतका होता की शेवटी सगळं सदर त्यालाच देऊन टाकलं. बाकीच्यांनी जरा धीर धरा, तुमचे प्रश्न पुढच्या अंकात घेते. पत्रं लांबलचक होती म्हणून कापलीत, नावं कुणाचीच छापलेली नाहीत. आणि लिहिणारे काही भारतातले, काही बाहेरच्या देशांतले, त्यामुळे एकाच ठिकाणचा कायदा सांगून भागणार नाही, जिथे फरक पडतो तिथे सांगत जाईन.

प्रश्न: ताई, आमच्या घराला लागून एक घर आहे, मधली भिंत सामाईक. किती वर्षं बंद आहे ते आता आम्हालाही नीट आठवत नाही. त्याचं छत गळतं आणि पाणी भिंतीतून आमच्या खोलीत उतरतं. दुरुस्ती करायची तर परवानगी कुणाची घ्यायची, मालकाचं नावसुद्धा माहीत नाही. सुरुवात कुठून करू?

आधी ऑफिसात जाऊ नका, आधी गल्लीत फिरा. आजूबाजूच्या जुन्या लोकांशी बोला, पण "मालक कोण" असं थेट विचारू नका कारण त्याला लोक ठोकून उत्तर देतात, ज्याला शेवटचं कुलूप लावताना बघितलं त्यालाच मालक करून टाकतात आणि तो बिचारा भाडेकरू निघतो. त्यापेक्षा विचारा की शेवटचं कोण राहत होतं, घर बंद कशामुळे पडलं, मधे कुणी येऊन बघून जातं का, पोस्टमन त्या घरची पत्रं कुठे देतो. कारण घर उगाच रिकामं राहत नाही हो. म्हातारं माणूस गेलं आणि मुलं लांब आहेत, भावाभावांत केस चालू आहे, बँकेने ताब्यात घेतलंय, कंपनीच्या नावावर होतं आणि कंपनी बुडाली, किंवा नुसताच दुरुस्तीला पैसा नाही म्हणून पडून आहे. यातलं कुठलं कारण आहे ते कळलं की पुढे कुठे जायचं ते ठरतं, म्हणजे मृत्यू असेल तर वारसनोंद आणि मृत्युपत्र, वाद असेल तर कोर्टाचं रेकॉर्ड, जप्ती असेल तर बँक. माझा अनुभव असा की घर रिकामं का आहे हे कळलं की मालक कोण हे निम्मं कळलेलंच असतं, आणि लोक नेमकं तेच विचारायचं सोडून नाव शोधत बसतात.

दुसरं, तुमच्या स्वतःच्या घराचं खरेदीखत काढा. त्यात चतुःसीमा लिहिलेल्या असतात ना, पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, तिथे तुमच्या व्यवहाराच्या वेळी शेजारी कोण होता त्याचं नाव किंवा निदान त्या जागेचा नंबर मिळण्याची चांगली शक्यता आहे. हे कुणाच्या डोक्यातच येत नाही, कागद कपाटात असतो आणि माणूस ऑफिसांच्या चकरा मारत असतो.

मग त्या जागेची ओळख पक्की करा. दारावरचा नंबर सरकारी रजिस्टरला फारसा कळत नाही, रस्त्यांची नावं बदलतात, घरांना नवे नंबर पडतात. रजिस्टर चालतं ते जमिनीच्या तुकड्याच्या नंबरावर, त्याला कुठे सर्व्हे नंबर म्हणतात, कुठे सिटी सर्व्हे नंबर, अमेरिकेत पार्सल नंबर. तो नकाशावरून काढा आणि दोनदा तपासा, शेजारच्याच प्लॉटचा उतारा काढून भलत्याच माणसाला नोटीस गेल्याचे प्रकार होतात.

आता मुख्य गोष्ट. कुठल्याही देशात एका घराबद्दल साधारण तीन वेगवेगळी नावं सापडू शकतात, टॅक्सच्या म्हणजे घरपट्टीच्या यादीतलं, दस्ताच्या किंवा टायटलच्या (म्हणजे मालकी हक्काच्या) रजिस्टरमधलं, आणि आज कायद्याने ज्याची मालकी आहे त्याचं. तिन्ही एकच असली तर तुमचं नशीब. टॅक्सची यादी मुळात मालकी सिद्ध करायला बनलेलीच नसते, पैसे कुणाकडून वसूल करायचे एवढ्यासाठी ती असते. फ्रान्समध्ये नेपोलियनने १८०७ मध्ये जमिनींची मोजणी करून कॅडास्टर, म्हणजे जमिनींच्या नोंदींचं रजिस्टर, बनवायला घेतलं ते करासाठीच, आणि इटलीत आजही देशाच्या बहुतेक भागात कॅडास्टरचा उतारा हा मालकीचा पुरावा धरत नाहीत. भारतात फेरफाराच्या नोंदीबद्दल सुप्रीम कोर्टाने पुन्हा पुन्हा हेच सांगितलंय, की ती महसुलासाठी आहे, तिच्यामुळे मालकी तयार होत नाही आणि जातही नाही. तरी पहिलं पाऊल म्हणून टॅक्सची यादी बेस्ट, कारण तिथे बिल पाठवायचा पत्ता असतो. घर रिकामं आहे म्हणजे बिल त्या घरी जात नसणार, दुसरीकडे कुठेतरी जातंय, आणि तुम्हाला हवाय तो तोच पत्ता. अमेरिकेत बहुतेक काउंटींमध्ये (आपल्या जिल्ह्यासारख्या) असेसरच्या, म्हणजे घरपट्टी ठरवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, वेबसाइटवर हे नाव-पत्ता कुणालाही बघता येतं, सगळीकडे इतकं सोपं नाही.

दस्तांच्या बाबतीत जगात दोन पद्धती आहेत आणि आपल्याकडे कुठली आहे हे माहीत असलेलं बरं. एका पद्धतीत सरकार फक्त दस्त नोंदवून ठेवतं, म्हणजे याने त्याला विकलं एवढं, विकणाऱ्याला विकायचा हक्क होता का याची हमी सरकार घेत नाही. भारत बहुतांशी असा, अमेरिकेतली बहुतेक राज्यंही. तिथे एक दस्त बघून भागत नाही, मागे मागे जात सगळी साखळी जुळवावी लागते, याने कुणाकडून घेतलं, त्याने कुणाकडून, मधे गहाण आहे का, बोजा आहे का, वाटणी झाली का. यालाच टायटल सर्च म्हणतात. दुसऱ्या पद्धतीत रजिस्टरमध्ये ज्याचं नाव तोच मालक आणि त्याची हमी सरकारची, ही रॉबर्ट टोरेन्सने १८५८ मध्ये साउथ ऑस्ट्रेलियात सुरू केली म्हणून टोरेन्स पद्धत म्हणतात. तिथे एक उतारा काढला की बरंचसं काम झालं. बरंचसंच म्हणतेय, का ते वारसांच्या प्रश्नात येईल.

आणि पाणी तुमच्या घरात उतरतंय त्याचं काय, तर मालक सापडेपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. आजपासून तारखेसकट फोटो काढायला लागा, आणि स्थानिक नगरपालिकेकडे किंवा जे कुणी बांधकामं बघतं त्यांच्याकडे लेखी तक्रार द्या. मालकाला नोटीस काढायचं काम त्यांचं आहे, आणि तुम्हाला न दिसणारं टॅक्सचं रेकॉर्ड त्यांना दिसतं. जपानमध्ये तर रिकाम्या घरांसाठी २०१५ पासून वेगळा कायदाच लागू आहे, त्यात पालिकेला मालक शोधायला घरपट्टीची माहिती वापरता येते, आधी गोपनीयतेच्या नावाखाली तीच माहिती पालिकेच्याच दुसऱ्या टेबलावर देता येत नव्हती.

प्रश्न: नोंदणी ऑफिसात जाऊन मालकाचं नाव विचारलं तर तिथले साहेब म्हणाले, तुमचा संबंध काय, दुसऱ्याच्या घराची माहिती अशी देता येत नाही. हे बरोबर आहे का?

देशावर अवलंबून आहे, आणि तुम्ही काय शब्दांत विचारलं त्यावरही आहे.

स्कॉटलंडमध्ये १६१७ पासून जमिनीच्या दस्तांचं सार्वजनिक रजिस्टर आहे, चारशे वर्षं झाली, कुणीही जाऊन बघावं. त्याला लागून असलेल्या इंग्लंड-वेल्समध्ये मात्र १९९० च्या डिसेंबरपर्यंत दुसऱ्याचा उतारा बघायला मालकाची परवानगी लागायची! म्हणजे मालक कोण हे कळायला आधी मालकाला विचारायचं. आता तिथे फी भरून कुणालाही ऑनलाइन मिळतो. जर्मनीत आजही ग्रुंडबुख, म्हणजे तिथलं जमिनीचं रजिस्टर, बघायचं तर कायदेशीर हितसंबंध दाखवावा लागतो, नुसती उत्सुकता चालत नाही आणि "मला ते घर आवडलंय, घ्यायचंय" एवढंही सहसा पुरत नाही, पण शेजाऱ्याचं नुकसान होतंय, कुणाचं येणं बाकी आहे, असं काही ठोस असेल तर विचार होतो. भारतात १९०८ च्या नोंदणी कायद्याचं कलम ५७ बघा, स्थावर मालमत्तेच्या दस्तांचं पुस्तक आणि त्याची सूची फी भरून अर्ज करणाऱ्या कुठल्याही माणसाला बघता येते आणि नक्कलही मिळते. मृत्युपत्रांचं पुस्तक वेगळं असतं, ते असं उघडं नाही.

त्यामुळे तुम्ही भारतातले असाल तर साहेबांना नम्रपणे कलम दाखवा. पण त्याआधी प्रश्न बदला. "मालक कोण आहे सांगा" म्हटलं की कारकुनाला वाटतं हा आपल्याकडून मालकीची ग्वाही मागतोय, आणि ती तो देणार नाही, देऊही नये. "अमुक नंबरच्या मिळकतीच्या, अमुक वर्षापासून आजपर्यंतच्या सूचीचा शोध आणि सापडलेल्या दस्तांच्या नकला" असं लेखी मागितलं की ते त्याच्या रोजच्या कामात बसतं. फॉर्मवर कारण लिहायची जागा असेल तर खरं कारण लिहा, मोकळी सोडू नका.

जिथे हितसंबंध दाखवावा लागतो तिथे तर ओलीचे फोटो, तुमचा स्वतःचा उतारा, पालिकेला दिलेल्या तक्रारीची पोच हे सगळं जोडूनच अर्ज करा.

प्रश्न: खूप खटपट करून नाव मिळालं ताई, पण चौकशी केली तर ते गृहस्थ केव्हाच वारलेत. रजिस्टरमध्ये अजून त्यांचंच नाव. आता पुढे रस्ताच बंद झाला असं वाटतंय.

रस्ता बंद नाही झाला, उलट घर रिकामं का आहे ते तुम्हाला कळलं.

रजिस्टर आपणहून बदलत नाही. कुणीतरी जाऊन अर्ज दिला, दाखला दिला, फी भरली तर नाव बदलतं, आणि वारसांना घर विकायचं किंवा त्यावर कर्ज काढायचं नसेल तर ती उठाठेव ते का करतील? म्हणून मेलेल्या माणसाचं नाव वर्षानुवर्षं तसंच राहतं, सरकारी हमीच्या टोरेन्स पद्धतीतसुद्धा. दरम्यान एका वारसाचे चार झाले, चाराचे अकरा झाले, त्यातले काही कुठल्या देशात आहेत ते एकमेकांनाही माहीत नाही. आणि मग विकायची इच्छा झाली तरी सगळ्यांच्या सह्या कुठून आणणार, म्हणून घर आणखी पडून राहतं.

जपानने याचा फटका मोठ्या प्रमाणावर खाल्लाय. २०२३ च्या तिथल्या सरकारी पाहणीत रिकामी घरं सुमारे ९० लाख निघाली, एकूण घरांच्या १३.८ टक्के (यात भाडेकरूची वाट बघणारी घरंही धरलीत, सगळीच काही ओसाड नाहीत). आणि मालक न सापडणारी जमीन किती, तर २०१६ चा अंदाज होता सुमारे ४१ लाख हेक्टर, त्यांचं क्यूशू बेट त्याहून लहान आहे. मुख्य कारण हेच की वारसाने नाव लावणं बंधनकारकच नव्हतं. शेवटी १ एप्रिल २०२४ पासून कायदा केला, वारसा मिळाल्याचं कळल्यापासून ३ वर्षांत नोंद करा नाहीतर १ लाख येनपर्यंत दंड. इतका श्रीमंत, इतका शिस्तीचा देश, त्यालाही हे उशिरा सुचलं.

तर तुम्ही आता काय करायचं. आता मालक हा शब्द डोक्यातून काढा आणि वारस शोधा. मृत्यूची नोंद बघा, तारीख आणि ठिकाण मिळालं की पुढचं बरंच सोपं होतं. ते ज्या गावात राहत होते तिथल्या कोर्टात मृत्युपत्राचं प्रोबेट (म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा शिक्का) किंवा वारस दाखला यासाठी कुणी अर्ज केला होता का ते शोधा, केला असेल तर त्या अर्जात बरेचदा वारसांची यादी पत्त्यांसकट असते, म्हणजे तुमची सगळी मेहनत कुणीतरी आधीच करून ठेवलेली. इंग्लंड-वेल्समध्ये प्रोबेटचं रेकॉर्ड कुणालाही शोधता येतं. जुन्या पेपरातली निधनवार्ता बघा, "त्यांच्या मागे पत्नी, दोन मुलं, एक मुलगी, जावई" असं जे छापतात ना ते नातेवाइकांपेक्षा तुमच्यासारख्यांच्याच जास्त उपयोगाचं आहे. आणि टॅक्स अजून कोण भरतंय ते बघा. मयताच्या नावाने बिल निघतंय आणि नियमित भरलंही जातंय, म्हणजे घराची काळजी असलेलं कुणीतरी जिवंत आहे, बहुधा तोच वारस बाकीच्यांना ओळखतो.

एक वारस सापडला म्हणून घर मिळालं समजू नका. सहहिस्सेदार आपला हिस्सा देऊ शकेल फार तर, तोही प्रत्येक देशात वेगळ्या अटींवर. बाकीच्यांचं तो बोलू शकत नाही, कितीही "सगळे माझं ऐकतात" म्हणाला तरी.

आणि वारस कुणीच नसेल तर? तर ते घर "कुणाचंच नाही" असं होत नाही, ते सरकारकडे जातं. भारतात हिंदू माणूस मृत्युपत्र न करता गेला आणि वारस कुणीच नसला तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २९ नुसार मालमत्ता सरकारकडे जाते, अर्थात त्यावरच्या देण्यांसकट. इंग्लंड-वेल्समध्ये ती राजमुकुटाकडे, म्हणजे सरकारकडेच, जाते आणि अशा बेवारस इस्टेटींची यादी सरकार २०२५ पर्यंत ऑनलाइन लावत होतं. अशी यादी जिथे बघायला मिळते तिथे तिच्यात नाव असेल तर तुम्हाला मालकही मिळाला आणि पत्रव्यवहाराचा पत्ताही. पण वारस "नाहीत" आणि वारस "सापडले नाहीत" यात फार फरक आहे, लोक दुसऱ्याला पहिलं समजतात.

प्रश्न: उताऱ्यावर माणसाचं नाव नाही, कुठल्या तरी कंपनीचं आहे. कंपनीच्या पत्त्यावर पत्र टाकलं ते परत आलं.

कंपन्यांचं सरकारी रजिस्टर असतं, तिथे नावाने शोधा. कंपनी चालू असेल तर संचालकांची नावं मिळतील, त्यांना लिहा. दिवाळखोरीत असेल तर लिक्विडेटर, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवणारा माणूस, नेमलेला असतो, सगळा व्यवहार त्याच्या हातात आणि त्याला मालमत्ता विकायचीच असते, म्हणजे तुमच्या पत्राला उत्तर मिळायची शक्यता इथे सगळ्यात जास्त. कंपनी रजिस्टरमधून पुसली गेली असेल तर यूकेमध्ये २००६ च्या कंपनी कायद्यानुसार उरलेली मालमत्ता राजमुकुटाकडे जाते, बाकी देशांचे नियम वेगळे आहेत, तपासा. आणि कंपनी परदेशी असेल, नाव नुसतं आकड्यांसारखं असेल, तर मागचा खरा माणूस कोण हे कळणं अवघड. यूकेने त्यासाठी २०२२ च्या ऑगस्टपासून वेगळं रजिस्टर सुरू केलं, तिथली घर-जमीन बाळगणाऱ्या परदेशी कंपन्यांना आपले खरे लाभार्थी जाहीर करावे लागतात. सगळे करतात असं नाही.

प्रश्न: मालक मिळतच नाही. मी त्या घराचा टॅक्स भरायला लागलो, अंगण साफ करतो, आता कुलूप बदलून आत राहायला गेलो तर १२ वर्षांनी घर माझं होतं असं ऐकलंय. खरं का?

ऐकलंय ते अर्धवट ऐकलंय, आणि कुलपाला हात लावू नका.

१२ वर्षांचा आकडा भारताच्या १९६३ च्या मुदत कायद्यातला. पण नुसती १२ वर्षं गेली म्हणून काही होत नाही, कब्जा उघड हवा, सलग हवा, आणि "हे माझं आहे, मालकाचं नाही" अशा हेतूने हवा, आणि हे सगळं कोर्टात तुम्ही सिद्ध करायचं, मालकाने नाही. तुम्ही तर मला लिहून देताय की मालक दुसरा आहे आणि तुम्ही त्याला शोधताय. घर सरकारचं निघालं तर मुदत ३० वर्षं. इंग्लंड-वेल्समध्ये नोंदणी झालेल्या घरावर १० वर्षांच्या कब्जानंतर अर्ज करता येतो, पण अर्ज आला की रजिस्ट्री आधी मालकाला नोटीस पाठवते, आणि त्याने हरकत घेतली की एखाददुसरा अपवाद सोडला तर अर्ज गेला, मग त्याला तुम्हाला बाहेर काढायला २ वर्षं मिळतात. शिवाय तिथे १ सप्टेंबर २०१२ पासून दुसऱ्याच्या निवासी इमारतीत, ती रिकामी असली तरी, घुसून राहणं हा सरळ गुन्हा आहे.

टॅक्स भरल्याने मालकी येत नाही. पावती तुमच्या नावाची असेल तर एक पुरावा म्हणून कधी कामाला येईल, नाहीतर दुसऱ्याचं बिल भरलं एवढंच. अंगण झाडणं हा तर कब्जाही नाही, चांगला शेजार आहे, करत राहा.

पण तुमच्या पत्रात कामाची गोष्ट एक आहे आणि ती तुमच्या लक्षात आलेली नाही. तुम्ही भरायच्या आधी थकबाकी किती होती? काहीच नसेल तर तोपर्यंत कुणीतरी भरत होतं, आणि तो कोण ते त्याच ऑफिसात कळेल. बरीच असेल तर ऑफिसने नोटिसा काढल्या असणार, त्या कुठल्या पत्त्यावर गेल्या ते विचारा. आणि टॅक्स भरणं थांबवा, कारण थकबाकी वाढली की जप्ती-लिलावाची कारवाई सुरू होते आणि ती नोटीस बघून लपलेला मालक धावत येतो. तुम्ही दर वर्षी बिल भरून त्याची झोप शाबूत ठेवताय.

प्रश्न: पत्ता मिळाला, माणूस जिवंत आहे! आता पत्र काय लिहू? घर विकत घ्यायची इच्छा आहे.

अभिनंदन. पत्र छोटं लिहा, हाताने लिहिलं तरी चालेल, आणि पहिल्या पत्रात रक्कम लिहू नका. या माणसाला कदाचित त्या घराच्या नावानेच त्रास होत असेल, भांडणं असतील, आईवडिलांच्या आठवणी असतील, आणि अनोळखी माणसाचं "तुमचं घर विका" असं पत्र थेट कचऱ्यात जातं. साधारण असं लिहा:

"नमस्कार. मी अमुक रस्त्यावर राहतो. अमुक नंबरचं बंद घर तुमच्या कुटुंबाचं असावं असं सरकारी नोंदीवरून समजलं, चूक असेल तर माफ करा. घराच्या मागच्या बाजूचं छत खाली आलंय, फोटो सोबत जोडलेत, तुम्हाला कळावं म्हणून लिहितोय. घराबद्दल तुमचा पुढे काही विचार असेल तर मला बोलायला आवडेल. नसेल तरी हरकत नाही, काही पडझड झाली तर कळवायला एखादा फोन नंबर दिलात तर बरं होईल."

यात त्याला उपयोगाची बातमी आहे, तुमची इच्छाही आहे, आणि नाही म्हणायची मोकळीक आहे. नाव कुठून मिळालं ते आवर्जून लिहा, नाहीतर त्याला वाटेल हा पाळतीवर आहे. पोच मिळेल अशा पद्धतीने पाठवा. उत्तर नाही आलं तर थोड्या महिन्यांनी एकदा परत लिहा, तेवढंच. त्याच्या ऑफिसात फोन, मुलांना सोशल मीडियावर मेसेज, घरी जाऊन उभं राहणं हे करू नका, गप्प राहणं हेही उत्तर आहे आणि तो त्याचा हक्क आहे.

प्रश्न: मी शोधत होतो तर एक गृहस्थ स्वतःच येऊन भेटले, म्हणाले मीच मालक, बाहेरगावी असतो, लवकर विकायचंय म्हणून स्वस्तात देतो. कागद दाखवले. घेऊ का?

थांबा! बंद घर, मालक लांब, कर्जाचा बोजा नाही, ठगांना नेमकं हेच लागतं कारण तक्रार करायला जवळ कुणी नसतं आणि बँकही मधे नसते. अशा घरांचा मालक असल्याचं सोंग घेऊन विकून टाकायचे प्रकार जगभर होतात. तुम्ही चौकशी करत फिरताय हे गल्लीत कळलेलं आहेच, तेव्हा हा माणूस तुम्हाला शोधत आला यात नवल काही नाही.

त्यांनी दाखवलेले कागद बाजूला ठेवा आणि नक्कल स्वतः ऑफिसातून काढा. जुन्या दस्तावरचा फोटो, सही, अंगठा जुळवा. टॅक्सचं बिल ज्या पत्त्यावर जातं त्याच पत्त्यावर पोच मिळेल असं पत्र पाठवा की तुमच्या घराचा व्यवहार होतोय, तुम्हाला माहीत आहे का. खरा मालक असेल तर त्याला राग येणार नाही, उलट बरं वाटेल. कुलमुखत्यारपत्रावर विकत असेल तर ते देणारा आज जिवंत आहे का ते आधी बघा, कारण देणारा वारला की साधारणपणे ते पत्र संपतं, आणि शक्य असेल तर त्याच्याशी समोरासमोर बोला. आत न्यायला सांगा. किल्ली नाही, कुलूप गंजलंय, पुढच्या वेळी आणतो, असं म्हणाले तर मला त्याहून जास्त काही सांगायची गरज नाही.

ज्यांचं स्वतःचंच घर लांब कुठेतरी बंद पडलंय त्यांनीही हा प्रश्न वाचा. टॅक्सच्या यादीत तुमचा आत्ताचा पत्ता आहे ना बघा, शेजाऱ्याकडे फोन नंबर ठेवा. इंग्लंड-वेल्सच्या लँड रजिस्ट्रीची फुकट अलर्ट सेवा आहे, १० मिळकतींपर्यंत नोंदवता येतात, कुणी तुमच्या उताऱ्यावर काही करायला गेलं की ईमेल येतो.

प्रश्न: हे सगळं करायला वकील लागतोच का?

नाव शोधायला नाही लागत. गल्ली, टॅक्स ऑफिस, नोंदणी ऑफिस इथपर्यंत कुणीही जाऊ शकतं, वेळ आणि चिकाटी हवी. पैसे द्यायची किंवा कुठल्याही कागदावर सही करायची वेळ आली की मात्र वकिलाकडून सर्च रिपोर्ट घ्या, आणि तो वकील विकणाऱ्याने सुचवलेला नसावा.